फुटपाथवरचा पत्ता

मुंबईत फुटपाथवरची जागासुद्धा फुकट मिळत नाही. संगमनेरचा एक चर्मकारागीर १९६९ साली इथे आला. गावात दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे आणि राहतं घर पडलं होतं. मुंबईत बदली कामगाराची नोकरी मिळाली, महिना ३५० रुपये. ताडदेवच्या तुळशीवाडीत फुटपाथवर टेकायला जागा मिळावी म्हणून त्यानं तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाला ७०० रुपये लागले. पगाराशी ताळा घातला तर जवळजवळ तीन महिन्यांची कमाई फुटपाथवरच्या एका खोपटात गेली.

दुसरा माणूस तामिळनाडूतल्या सेलमचा. भूमिहीन शेतमजूर. दुष्काळात काम गेलं तेव्हा १९६१ साली तो मुंबईला आला आणि दहिसरच्या एका रसायन कारखान्यात २३ रुपये रोजावर लागला. फुटपाथवरच्या जागेसाठी झोपडीदादानं त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. त्या जागेत तो, बायको आणि तीन मुली राहत होत्या. मोठी सोळा वर्षांची, धाकटी पाच वर्षांची.

हे तपशील कुणा कथाकाराचे नाहीत. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ते रुपयांनिशी नोंदलेले आहेत. 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' हा तो खटला. कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाबद्दल शहर जे ठरवून बसलेलं असतं (आळशी, भिकारी, गुन्हेगार), ते खोटं ठरवायला त्या निकालपत्राची पहिली काही पानंच पुरेशी आहेत. ती माणसं कामाला आलेली होती. काम होतं, पगार होता. त्या पगारात परवडेल असं छप्पर मात्र या शहरानं कधी बांधलंच नव्हतं.

१३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईतले सगळे फुटपाथवासी हटवले जातील आणि त्यांना त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवलं जाईल. दहा दिवसांनी, भर पावसात, तोडकाम सुरू झालं. झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये बसवली. सेलमच्या त्या मजुराचं खोपट २३ जुलैला पाडलं आणि त्याला बायको-मुलींसह सेलमच्या बसमध्ये घातलं. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र काम शोधत मुंबईला परतला आणि पुन्हा एका फुटपाथवरच्या झोपडीत शिरला.

गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर जेवढ्या समित्या बसल्या, त्यांना जे कळायला वेळ लागला ते या एका परतीच्या प्रवासात आहे. माणूस घर शोधत मुंबईत येत नाही, काम शोधत येतो. कामाजवळ राहिला तरच त्याला काम परवडतं. त्याला उचलून लांब नेऊन टाकलं, तर तो परत येणार, कारण चूल तिथेच पेटते. 'घर हक्काचं' ही घोषणा शहरानं पुष्कळ ऐकली. त्या घोषणेत कामापासूनचं अंतर मोजलेलं आहे की नाही, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

पत्रकार ओल्गा टेलिस, लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना आणि खुद्द वस्त्यांतली माणसं न्यायालयात गेली. विलेपार्ल्याजवळच्या कामराज नगरचे रहिवासी त्यांत होते. पश्चिम द्रुतगती महामार्गालगत पाण्याचे नळ टाकायला जे मजूर आणले गेले, त्यांच्यातून ही वस्ती महामार्गाच्या कडेला उभी राहिली होती. महामार्गालगत नळ टाकणाऱ्यांनाच पुढे महामार्गावरचं अतिक्रमण म्हणण्यात आलं. इंदिरा जयसिंग आणि न्या. वि. म. तारकुंडे यांच्यासारखे वकील त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

निकाल आला १० जुलै १९८५ रोजी. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचं निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिलं, त्यांच्या निवृत्तीला तेव्हा एक दिवस उरला होता. घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं न्यायालयानं निःसंदिग्धपणे सांगितलं. उपजीविका काढून घेतली की जगणंच काढून घेतलं जातं, हा युक्तिवाद देशाच्या कायद्यात कायमचा रुजला. सरकारचं एक म्हणणं असं होतं, की या लोकांनी उच्च न्यायालयात फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क नसल्याचं मान्य केलं होतं. कुणी बोलून गेलं म्हणून घटनेनं दिलेला हक्क सोडला असं होत नाही, हे न्यायालयानं त्याच निकालात ठणकावलं.

पण याच निकालाची दुसरी बाजू सोयीनं विसरली जाते. फुटपाथ हा चालण्यासाठी आहे आणि त्यावरची झोपडी हटवण्याचा महापालिकेचा अधिकार वैध आहे, हेही न्यायालयानं मान्य केलं. फक्त नोटीस द्या, म्हणणं ऐका आणि पावसाळा उलटेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबा. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली असेल त्यांना मालवणी किंवा इतरत्र पर्यायी जागा द्या. पर्यायी जागा दिल्याशिवाय हटवू नका, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. लढा जिंकला आणि घर हरलं, असं या निकालाचं वर्णन केलं तर ते चुकीचं ठरणार नाही.

या निकालानं कळीची केली ती १९७६ सालची गणना. त्या वर्षी ४ जानेवारीला, एका दिवसात, राज्य सरकारनं मुंबईतल्या झोपडपट्ट्या मोजल्या. सुमारे २८ लाख माणसं नोंदली गेली आणि त्यांना ओळखपत्रं मिळाली. वस्तीच्या भाषेत 'फोटोपास'. तेव्हापासून मुंबईच्या गरिबाच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यांत वर हा पास असतो. आग लागली, पाणी भरलं, महापालिकेची गाडी आली, तर बाई आधी पेटी उचलते. फुटपाथवरची बहुतेक माणसं मात्र त्या गणनेच्या बाहेर राहिली. त्यांची खोपटी झोपडपट्टीतही धरली जात नव्हती आणि घरांतही नाही. मोजलं नाही म्हणून पास नाही आणि पास नाही म्हणून पर्यायी जागा नाही.

नागपाड्याच्या नेबरहूड हाऊस या समाजसेवा केंद्रात काम करणाऱ्या शीला पटेल, सेलिन डिक्रूझ, प्रेमा गोपालन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना हे रोज दिसत होतं. भायखळा, नागपाडा या भागांतल्या फुटपाथवरच्या बायका तिथे आरोग्यासाठी, मुलांसाठी येत. १९८४ साली या मंडळींनी बाहेर पडून 'स्पार्क' ही संस्था काढली. निकाल लागला तेव्हा पावसाळ्यानंतर सरसकट तोडकाम होणार ही भीती सगळ्या फुटपाथांवर होती. त्यांनी मोर्चाची तयारी करण्याऐवजी फुटपाथ मोजायला घेतले. वस्तीतल्या बायकाच मोजणाऱ्या होत्या. ई वॉर्ड आणि मुख्य रस्त्यांवरची सुमारे सहा हजार कुटुंबं त्यांनी नोंदली आणि १९८५ साली तो अहवाल प्रसिद्ध केला. 'आम्ही, अदृश्य' अशा अर्थाचं त्याचं इंग्रजी नाव होतं.

त्या मोजणीतून जे चित्र निघालं ते सरकारी फायलीतल्या चित्रासारखं नव्हतं. फुटपाथवरची माणसं काल-परवा उतरलेली नव्हती, कित्येक कुटुंबं दहा-वीस वर्षं तिथेच होती. घरटी कुणी ना कुणी कमावत होतं. हमाली, गाड्या ओढणं, बांधकाम, धुणीभांडी, भाजी विकणं, कागद-काच वेचणं. बहुतेक जण कामाला पायी जात, कारण रोजचं बसभाडं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. दुष्काळ आणि दारिद्र्य ज्या जिल्ह्यांत कायमचं मुक्कामाला आहे, तिथून ती आली होती. तोडकाम करणाऱ्या यंत्रणेसमोर आता नावांची, कामांची, वर्षांची यादी होती. ज्यांना कुणी मोजलं नव्हतं, त्यांनी स्वतःला मोजून कागद हातात घेतला होता. मुंबईतल्या घरांच्या चळवळीनं जे काही मिळवलं, त्यामागे मोर्चांइतकाच या कागदाचाही हात आहे.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, याच बायकांमधून 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. सोबतीला जॉकिन अर्पुतम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आला. जॉकिन हे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून मुंबईत आलेले. मानखुर्दच्या जनता कॉलनीची जमीन भाभा अणुसंशोधन केंद्राला हवी होती, तिच्या बचावासाठी ते वर्षानुवर्षं लढले. १९७६ मध्ये आणीबाणीत ती वस्ती उठवली गेली आणि माणसं चीता कॅम्पला नेऊन सोडली गेली. आपली वस्ती हरलेल्या या माणसानं उरलेलं आयुष्य इतरांच्या वस्त्या वाचवण्यात घालवलं. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये ते गेले. पाडलेली झोपडी पुन्हा उभारण्यात किती शक्ती जाते हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं, म्हणून 'पाडायच्या आधी बोला' हा त्यांचा आग्रह असे.

महिला मिलनचं काम दिसायला साधं होतं. एक बाई रोज गल्लीत फिरून बचत गोळा करी. कुणी एक रुपया देई, कुणी आठ आणे, कुणी काहीच नाही. पण दार रोज वाजे (दार नसलं तरी), आणि त्या निमित्तानं कुणाचं पोर आजारी आहे, कुणाच्या नवऱ्याला पोलिसांनी नेलं, कुणाचं सामान गाडीत गेलं, हे रोज कळे. बँकेत ज्यांना उभं करत नव्हते त्यांच्या नावावर हिशेब जमू लागला. रेशनकार्ड काढायला, चौकीत बोलायला, वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायला बायका एकट्या जाण्याऐवजी दहा-वीस मिळून जाऊ लागल्या.

मग त्यांनी घरं आखली. भायखळ्यात त्यांनी भरवलेलं घरांचं प्रदर्शन हा या सगळ्या इतिहासातला फार मोलाचा प्रसंग आहे. लांबी-रुंदी मोजायला साड्या वापरल्या, खऱ्या आकाराचे नमुने बांबू आणि कापडानं उभे केले, आणि बायका त्यांत शिरून बघत होत्या: इथे चूल, इथे मोरी, इथे म्हातारी झोपेल. वास्तुविशारदांनी ठेवलेल्या आराखड्यांपेक्षा त्यांचा आराखडा वेगळा निघाला. त्यांना छत चौदा फूट उंच हवं होतं, कारण मग पोटमाळा घालता येतो आणि एका खोलीच्या दोन होतात. संडास घरात नको, चार घरांत मिळून असला तरी चालेल, म्हणजे घर स्वस्त पडेल, असंही त्या म्हणाल्या. आयुष्यभर अरुंद जागेत संसार केलेल्या बाईला जागेचं जे गणित कळतं, ते कुठल्याही महाविद्यालयात शिकवलं जात नाही. हीच पद्धत, बचत, मोजणी आणि नमुना घर, मुंबईहून दक्षिण आफ्रिकेत गेली आणि १९९६ साली झोपडीवासीयांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुण्यात १९९९ ते २००१ या काळात आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांमधल्या सार्वजनिक शौचालयांचं काम अशाच संस्थांवर सोपवलं आणि थोड्या काळात ४०० हून अधिक शौचालयं बांधून झाली. लोकांना विश्वासात घेतलं तर महापालिकेचं काम अडत नाही, उलट लवकर होतं, हे पुण्यानं दाखवून दिलं आहे.

सगळ्यांनी हाच मार्ग घेतला असं नाही. नरिमन पॉइंटचे टॉवर बांधायला आलेल्या मजुरांची संजय गांधी नगर ही वस्ती तिथेच, त्या टॉवरांच्या पायथ्याशी होती. मार्च १९८६ मध्ये ती पाडली गेली. निवारा हक्क सुरक्षा समिती रस्त्यावर उतरली. अभिनेत्री शबाना आझमी आणि 'हमारा शहर' हा माहितीपट बनवणारे आनंद पटवर्धन रहिवाशांसोबत उपोषणाला बसले. पाच दिवसांनी सरकार नमलं आणि गोरेगावला पर्यायी जमीन मिळाली. एवढं झाल्यावरही ती जागा नरिमन पॉइंटपासून कित्येक कोस दूर होती, आणि कामं नरिमन पॉइंटलाच होती.

गोरेगावचं नाव निघालं की मृणाल गोरे यांना टाळून पुढे जाता येत नाही. 'पाणीवाली बाई' म्हणून त्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. घरांसाठी त्यांनी आणि बाबुराव सामंतांनी केलेलं काम त्या मानानं कमी सांगितलं जातं. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानुसार एकेका मालकाकडची जास्तीची जमीन गरिबांच्या घरांसाठी सरकारनं घ्यायची होती. कायदा कागदावर होता, जमीन मालकांकडेच. त्यांच्या नागरी निवारा परिषदेनं हा कायदा हातात धरून गोरेगावजवळच्या दिंडोशीत जमीन मिळवली आणि तिथे सुमारे सहा हजार घरं उभी राहिली. नोकरदार, कारखान्यातले कामगार, परिचारिका, शिक्षक अशा माणसांना परवडलेली घरं. हा प्रयोग एकदाच झाला. २००७ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रानं तो कायदाच रद्द केला. परवडणाऱ्या घरांसाठी जमीन नाही असं त्यानंतर पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. जमीन नाही हे म्हणणं खरं नाही. जमीन मिळवण्याचं हत्यार सरकारनं स्वतःच्या हातानं खाली ठेवलं.

१९९५ साली वारं फिरलं. चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं आश्वासन देऊन युतीचं सरकार आलं, अफझुलपूरकर समिती बसली आणि वर्ष संपता संपता झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, अस्तित्वात आलं. बिल्डरनं मोफत घरं बांधायची, बदल्यात वरचं चटईक्षेत्र विकून पैसे काढायचे, अशी ती रचना. फुटपाथवासीयांच्या दृष्टीनं एक गोष्ट ऐतिहासिक झाली: पुनर्वसनाच्या पात्रतेत त्यांचाही समावेश झाला. स्वतःच केलेल्या १९८५ च्या मोजणीचं हे फळ दहा वर्षांनी हाती आलं. त्यातून मानखुर्दला 'मिलन नगर' उभं राहिलं आणि भायखळ्याच्या फुटपाथवर आयुष्य काढलेल्या बायका पक्क्या घरात राहायला गेल्या.

पण एसआरएसोबत आणखी एक गोष्ट आली: कट-ऑफ डेट. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असेल तो पात्र. नंतर ती तारीख १ जानेवारी २००० झाली. त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर, अशी मुभा आली. दर निवडणुकीच्या आसपास ही तारीख पुढे सरकते. आलेला माणूस तोच, त्याचं काम तेच. एका तारखेच्या अलीकडचा रहिवासी ठरतो आणि पलीकडचा अतिक्रमण करणारा. झोपडीत राहणारा निदान वीजबिल दाखवतो. फुटपाथवरच्या बाईनं काय दाखवायचं? तिची चूल, भांडी, मुलांच्या वह्या महापालिकेच्या गाडीत गेलेल्या असतात, आणि कागद बहुतेकदा त्याच गाठोड्यात असतात. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या. मेधा पाटकरांच्या पुढाकारानं 'घर बचाओ घर बनाओ' आंदोलन त्यातून उभं राहिलं. त्या तोडकामात किती कुटुंबांचे पुरावे मातीत गेले, याची नोंद कुठेच नाही.

मिळालेलं घरही नेहमीच सुखाचं ठरलं असं नाही. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या हजारो कुटुंबांना मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत नेलं. इमारती एकमेकींना खेटून, खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. क्षयरोगाचं प्रमाण आणि घरात न येणारा उजेड यांचा संबंध या वसाहतींत झालेल्या अभ्यासानं दाखवून दिला. लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसं सातव्या मजल्यावर अडकतात, धुणीभांडी करणाऱ्या बाईची कामं पंधरा किलोमीटर मागे राहतात. म्हणूनच काही कुटुंबं घर भाड्यानं देऊन पुन्हा जुन्या वस्तीजवळ आली. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. सेलमच्या मजुरानं १९८१ साली केलं तेच ती करत होती.

आणि जे कुठल्याच योजनेत बसत नाहीत, त्यांचं काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर होती. त्यांतली महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त आणि मुंबईत सुमारे ५७ हजार. बेघरांसोबत काम करणारे कार्यकर्ते मुंबईचा खरा आकडा याच्या कितीतरी पट मानतात. रात्री मोजायला गेलेल्या प्रगणकाला मार्केटमध्ये, ट्रकखाली, पुलाच्या खांबाआड झोपलेला माणूस दिसत नाही आणि पोलिसांच्या भीतीनं तो पुढेही येत नाही, हे पाहिलं तर त्यांचं म्हणणं पटतं. यांत पारधी कुटुंबं आहेत, मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून आलेली, सिग्नलवर गजरे विकणारी. १८७१ च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलेला हा समाज. तो कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली आजही नुसतं फुटपाथवर बसलेल्या माणसाला उचललं जाऊ शकतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये याच कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात तो कायदा शाबूत आहे.

फुटपाथवर झोपण्याची किंमत कधी कधी एका क्षणात वसूल होते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक भरधाव मोटार फुटपाथवर चढली आणि झोपलेले सात मजूर मेले. ते रस्त्याच्याच कामावर होते.

दिल्लीत डिसेंबर २००९ च्या थंडीत पुसा रोडचा तात्पुरता निवारा पाडला गेला आणि माणसं मेल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या मोठ्या शहरांना सांगितलं: दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडा. सव्वा कोटीच्या मुंबईला त्या हिशेबानं सुमारे १२५ निवारे हवेत. त्या आकड्याच्या जवळपासही महापालिका कधी पोहोचली नाही, आणि जे निवारे सुरू झाले त्यांतले बरेच सुरुवातीला मुलांपुरते होते. कुटुंबासाठी जागाच नाही ही सगळ्यांत मोठी उणीव. नवरा एकीकडे, बायको-मुलं दुसरीकडे आणि सामान रस्त्यावर, अशा अटीवर कुठली बाई निवाऱ्यात जाईल? निवारे रिकामे राहतात असं अधिकारी सांगतात तेव्हा हा प्रश्न त्यांना विचारला पाहिजे. शिवाय देशातली निवाऱ्यांची सगळी आखणी उत्तरेतल्या थंडीभोवती झाली. मुंबईचा वैरी पाऊस आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडी जमीन, कोरडं अंथरूण आणि मुलांची कोरडी पुस्तकं ही इथली गरज आहे.

'पहचान' संस्थेचे ब्रिजेश आर्य यांनी बेघरांना जेवण, पाणी, निवारा, स्वच्छतागृह मिळावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२१ मध्ये तिच्यावर निकाल देताना न्यायालयानं म्हटलं, की सगळंच सरकार देऊ शकत नाही, बेघरांनीही देशासाठी काम केलं पाहिजे. करोनाच्या टाळेबंदीत ज्यांचं काम गेलं त्यांना हे ऐकावं लागलं, आणि सेलमच्या मजुरापासून कार्टर रोडच्या सात जणांपर्यंत सगळे कामावरच होते हे त्या वाक्यात कुठे आलं नाही. मार्च २०२३ मध्ये त्याच उच्च न्यायालयापुढे दक्षिण मुंबईतल्या फाउंटन परिसरातले फुटपाथवर झोपणारे हटवा, अशी मागणी आली. या वेळी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांनी ती मागणी मान्य केली नाही. बेघर असणं हा जगभरचा प्रश्न आहे आणि ही माणसंसुद्धा न्यायालयापुढे इतर कुणाइतकीच माणसं आहेत, असं त्यांनी सांगितलं.

या सगळ्यात जे कुणी बोलत नाही ते म्हणजे भाड्याची खोली. एकेकाळी मुंबईचा कामगार चाळीत भाड्यानं राहत होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली आणि भाड्यासाठी घर बांधणं हळूहळू बंद झालं. त्यानंतरची जवळजवळ प्रत्येक योजना मालकीची आहे: एसआरएचं घर मालकीचं, म्हाडाची लॉटरी मालकीची. २००८ मध्ये एमएमआरडीएनं १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, पुढे ती गुंडाळली गेली आणि त्यातली कित्येक घरं गिरणी कामगारांना विकत दिली गेली. गिरणी कामगारांना घर मिळालंच पाहिजे, दत्ता इस्वलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. पण एका हक्काचं देणं दुसऱ्या गरजेच्या घरातून फेडलं गेलं. नुकताच शहरात उतरलेला, महिन्याला थोडेसे पैसे देऊ शकणारा मजूर आजही त्याच तुळशीवाडीच्या गुंडासारख्या कुणाला तरी पैसे देतो. कारण भाड्याची, स्वच्छ, कामाजवळची, सरकारनं चालवलेली खोली त्याला कुठेच मिळत नाही. ती बांधल्याशिवाय फुटपाथ मोकळे होणार नाहीत, कितीही गाड्या पाठवल्या तरी.

तोवर निदान दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. बेघर माणसाला मतदार होता येतं. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार त्यानं नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची आणि केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं रात्री तिथे जाऊन, एकाहून अधिक रात्री, खात्री करायची. पत्त्याचा कागद लागत नाही. आपल्या इमारतीखाली, स्टेशनाबाहेर, मंडईजवळ वर्षानुवर्षं झोपणाऱ्या कुटुंबाला हा अर्ज भरून द्यायला एक संध्याकाळ लागते. आणि येत्या जनगणनेची संदर्भवेळ आहे १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. प्रघातानुसार बेघरांची मोजणी फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री होते. आपल्या प्रभागात कोण कुठे झोपतं याची यादी आधीच करा, प्रगणकाला त्या रात्री सोबत करा, आणि कुणी सुटलं तर तिथल्या तिथे नाव लिहायला लावा. भायखळ्याच्या बायकांनी १९८५ मध्ये हे स्वतःच्या बळावर केलं होतं. या वेळी फुटपाथवरच्या माणसांबरोबर उभं राहा.